जुना एचएमटी घेतला, त्याचा हिशेब



मागच्या महिन्यात इथं एक फोटो टाकला होता. लिंबाखाली उभा असलेला जुना ट्रॅक्टर, पुढची दोन्ही चाकं जमिनीत रुतलेली, सीटवर कोंबडी बसलेली. त्यावर तुम्ही बरंच विचारलं. कुठला आहे, चालू झाला का, पार्ट मिळतात का. सगळ्यात जास्त जणांनी विचारलं ते एकच : केवढ्याला पडला? ह्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हालाच काय, घरी पण बरेच दिवस धड दिलं नव्हतं. आज सगळंच लिहितो.

आधी गरज सांगतो, म्हणजे हौस जरा झाकली जाईल.

मोसंबी तीन एकर. १८ बाय १८ फुटांवर, चारशेच्या आसपास झाडं. २०१६ च्या पावसाळ्यात लावलेली. आता ओळींमधली मोकळी जागा फार राहिली नाही, फांद्या दोन्ही बाजूंनी आत आल्यात. शेजारचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर पाळीला आणला की त्याचं मडगार्ड फांद्या ओरबाडत जातं. गेल्या ऑगस्टात ऐन फळ मोठं होताना एका पाळीत दोन क्रेट कच्चा माल खाली पडला. बरं, मोसंबीची खाणारी मुळं वरच्यावरच असतात. मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला कितीही सांगा, त्याचा फाळ खोल जातोच. बैल आम्ही २०१९ ला विकले. नव्या मिनी ट्रॅक्टरचं कोटेशन आणलं होतं, ते पाच लाखांच्या घरात गेलं. अनुदानाला अर्ज टाकून ठेवलाय, नंबर लागेल तेव्हा लागेल.

हे सगळं खरं आहे. पण एवढ्यासाठीच जुना ट्रॅक्टर घेतला असं म्हटलं तर ते खोटं होईल. गरजेला पॉवर टिलर पण चालला असता. मला तो पाहिल्या पाहिल्या पाहिजे होता, आणि नंतर मी गरज शोधली. हौस असली की कारणं आपोआप सुचतात, बघा.

दिवाळीनंतर घनसावंगीकडच्या एका गावाला कडब्याचा सौदा करायला गेलो होतो. कडबा काही पटला नाही. परत निघताना गोठ्याच्या मागं लिंबाखाली हा दिसला. रंग कुठला होता तेही ओळखू येईना. बॉनेटच्या एका बाजूला अक्षरं राहिली होती, बोटानं धूळ पुसली तर एचएमटी. पुढं २५११.

आमच्या पिढीला एचएमटी म्हटलं की घड्याळ आठवतं. वडिलांच्या हातात चावीचं एचएमटी होतं, रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायचे. त्याच कंपनीनं १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवले, हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. डिझाइन चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं. म्हणून जुनी माणसं आजही ह्याला एचएमटी म्हणत नाहीत, 'झेटर'च म्हणतात. २५११ म्हणजे २५ एचपी, दोन सिलिंडर. त्या काळात ट्रॅक्टर पैसे टाकले की दारात येत नव्हता, बुकिंग करून वाट बघावी लागायची. पुढं २०१६ मध्ये केंद्र सरकारनं पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. घड्याळाचा कारखाना बंद करायचा निर्णयही त्याच वर्षीचा.

घरात एक आजी होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. दोन्ही पोरं पुण्याला. शेत बटईनं दिलेलं. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता, ३४ रुपये किलोनं मागत होता. हा दीड टनाच्या वर भरतो, म्हणजे पन्नास हजारांच्या पुढं. आपल्याकडचं भंगार कुठं जातं ते सांगायला नको. जालन्याच्या भट्ट्यांत गेलं की चार दिवसांत त्याची सळई होते. आजची सोसायटी उद्या कुठंतरी ह्या झेटरच्या स्लॅबखाली राहायला जाणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि मी तिथंच फसलो.

"आजी, द्यायचा का?"

"न्या की. जागा मोकळी होईल. कोंबड्याला दुसरी जागा करीन."

मला वाटलं होतं, नवऱ्याची आठवण म्हणून आजी हळव्या होतील. तसं काही नाही. उलट मीच जरा हळवा होऊन म्हटलं, "मालकांनी हौसेनं घेतला असेल." तर आजी माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "हौस त्यांची. पाटल्या माझ्या."

मग सगळं सांगितलं. १९७९ ची गोष्ट. बँकेनं कर्ज मंजूर केलं, पण सुरुवातीला भरायचे पैसे हातात नव्हते. आजीच्या माहेरच्या चार पाटल्या मोडल्या. मालक म्हणाले, दोन सालात करून देतो.

"मग?"

"मग काय. मग विहीर घेतली. मग पोरीचं लगीन झालं. मग मालकच गेले."

हे बोलताना आजीच्या बोलण्यात ना राग ना दुःख. ज्वारीचा भाव सांगावा तसं. पण जाताना एक प्रश्न विचारला, "तुमच्या घरी विचारलं का?"

मी म्हटलं, "हो."

विचारलं नव्हतं.

आता इथं थोडं मागं जावं लागेल, नाहीतर 'हो' म्हणण्यात काय होतं ते कळायचं नाही. २०१६ च्या आधी त्याच तुकड्यात आमची जुनी बाग होती, बारा वर्षांची. २०१२ चा पाऊस गेला. जालना जिल्ह्यात त्या वर्षी मोसंबीचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या बागा आणि जळणाचे ढीग. आम्ही टँकरनं पाणी घालून बाग जगवायची ठरवली. त्या टँकरसाठी घरच्या बाईची अडीच तोळ्यांची पोत गहाण ठेवली. मे महिन्यापर्यंत पाणी घातलं. बाग गेलीच. पोत पण सुटली नाही, व्याज चढत गेलं आणि शेवटी तीही मोडली. तेव्हा सोनं तोळ्याला तीस हजारांच्या आत-बाहेर होतं. दर वर्षी बागेचे पैसे आले की विषय निघायचा आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. ड्रिप, पोराची फी, मोटार. यंदा मात्र ठरलं होतं की अडीच नाही तर नाही, निदान तोळाभराची तरी करायची. सोनं लाखाच्या वर गेलेलं असताना.

तर ते पैसे घेऊन मी लिंबाखाली उभा होतो, आणि पाटल्यांची गोष्ट ऐकून झाल्यावर सुद्धा म्हटलं, "६८ हजार देतो."

ह्यापुढची नोंद जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर.

चालू ट्रॅक्टर असेल तर थंड इंजिनवर जा. मालकानं आधीच चालू करून ठेवला असेल तर चहा प्या, थंड होऊ द्या, मग स्टार्टर मारायला लावा. धुराचा रंग बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ब्रीदरच्या नळीजवळ हात धरा, तिथून फुसफुस धूर येत असेल तर रिंगा-लायनर गेलेत. ऑइलची काडी काढा, ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. लिफ्टला वजन लावून वर उचला आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं बघत बसा, खाली किती बसतं ते. पुढचं चाक वर उचलून हातानं हलवा.

माझ्या केसमध्ये ह्यातलं काहीच करता येत नव्हतं, कारण इंजिन जाम. अकरा वर्षं उभा. मग मी एवढंच बघितलं : बाहेरून ब्लॉकला कुठं चीर आहे का, सगळे गिअर पडतात का, मागचा एक्सल फुटून सांधलेला आहे का, आणि चेसिस नंबर. हा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. पेन्सिल घासून ठसा घ्या, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. गंजलेला ३ आणि ८ सारखेच दिसतात.

कागदांच्या बाबतीत मात्र नशीब. मालक वारले, रजिस्ट्रेशनची मुदत कधीच संपलेली, आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा. ज्या बँकेनं कर्ज दिलं ती बँकच आता राहिली नाही. अशा वेळी शहाण्या माणसानं नमस्कार करून निघावं. पण आजी आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या. लुगड्याच्या घडीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत आरसी बुक, १९७९ ची पावती, आणि १९८९ चा बेबाकी दाखला, शिक्क्यासकट. पासिंग औरंगाबादचं, कारण तेव्हा जालना जिल्हाच नव्हता, तो १९८१ ला झाला. ट्रॅक्टर मालकांनी चालवला, पण कागद आजींनी सांभाळले. तो दाखला नसता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

आणायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर-ट्रॉली नेली. मातीच्या ढिगावरून फळ्या टाकून वर चढवला. सहा माणसं आणि दोन साखळ्या. साडेचार हजार तिथंच गेले. दिवे लागणीला घरी पोचलो. घरची ओट्यावर उभी होती. तिनं आधी ट्रॅक्टर बघितला, मग मला बघितलं.

"कितीला?"

"पंचावन्न."

का सांगितलं असं? तोंडातून निघून गेलं. अडुसष्टपेक्षा पंचावन्न ऐकायला बरं वाटतं म्हणून असेल. तिनं "बरं" म्हटलं आणि आत गेली. तो 'बरं' मी नंतर बरेच दिवस ऐकला.

मिस्त्री अंबडचे. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. झेटरवर हात बसलेला असा माणूस आता आमच्या भागात बहुतेक हा एकच. डोळ्याला मोतीबिंदू सुरू झालाय, फिलर गेज वाचायला पोराला देतात, पण नट किती आवळला ते पान्यावरच्या हाताला कळतं. मी म्हटलं, चाचा, दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढू, सुटेल इंजिन. चाचा म्हणाले, "पुराना इंजन बुढे आदमी जैसा रहता. झटका नहीं देनेका." नोझल काढून दोन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि चहा पिऊन निघून गेले. पाच दिवस काही करायचं नाही म्हणाले. त्याच वेळी बाग पण ताणावर होती. झाडाला पाणी तोडून आणि इंजिनाला तेल पाजून मी रिकामा बसलेलो.

सहाव्या दिवशी वरच्या गिअरमध्ये टाकून चाचा, मी आणि पोरगा तिघांनी मागं-पुढं ढकललं. आधी काहीच नाही. मग मागच्या चाकाला दोन बोटं हिसका बसला. मग चार बोटं. मग आतून 'खर्र' असा आवाज आला आणि फॅन अर्धा फिरला. चाचांनी चष्मा काढून पुसला. "जिंदा है."

जिंदा होता, पण खाटेवरचा. संपचा नट उघडला तर आधी वाटीभर पाणी आलं, मग डांबरासारखं ऑइल. खोलल्यावर एक लायनर गंजून खड्डे पडलेला, दुसऱ्याच्या रिंगा पिस्टनला चिकटलेल्या. क्रँक मात्र शाबूत. लायनर बदलता येणारे असल्यानं ब्लॉक बोअर करायची वेळ आली नाही. झेटरची एक जमेची बाजू आहे, कारखाना बंद झाला तरी पार्ट अजून मिळतात. इथल्या दुकानात नाही, पण फोटो पाठवला की दिल्लीहून पार्सल येतं. एकदा चुकीचा गॅस्केट आला, परत पाठवण्यात आठ दिवस गेले. पंप-नोझल जालन्याला दिलं. रेडिएटर उघडला तर कुंभारमाशीची घरं, एकावर एक, मजल्यांची.

चाचा आणि त्यांचा पोऱ्या एकूण एकवीस दिवस आले. सलग नाही, त्यांना वेळ मिळेल तसे. मी रोजचा खर्च फवारणीच्या डायरीत मागच्या पानांवर लिहीत होतो. पानाच्या वर फक्त 'झे.' असं लिहिलेलं, कुणाला कळू नये म्हणून. घरी विचारलं की सांगायचो, "झालेत पंधरा-वीस," "झालेत पंचवीस," असं. शेवटचा आकडा मी चाळीस सांगितला होता. म्हणजे घरच्या हिशेबात ट्रॅक्टर पंच्याण्णव हजारांत दारात उभा.

जानेवारीच्या शेवटी इंजिन बसलं. आधी डिझेल बंद ठेवून नुसतं स्टार्टरवर फिरवलं, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग एअर काढली. मग चाचा म्हणाले, मारो. पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या वेळी नाही. तिसऱ्याला एक सिलिंडर बोलला, पांढरा धूर लिंबापर्यंत गेला, मग दुसरा बोलला, आणि मग तो दोन सिलिंडरचा ठोका सुरू झाला. तीन-चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा आवाज सलग असतो. ह्याचा ठोका मोजता येतो. शेजारचे आजोबा काठी टेकत आले आणि काही न बोलता मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले. पोरानं व्हिडिओ काढला. घरची पण बाहेर आली होती, चाचांना चहा घेऊन. तिच्या तोंडावर हसू होतं, हे मी बघितलं. आणि त्या हसण्यानंच मला जास्त अपराधी वाटलं.

आठवड्यानं तिला फवारणीची तारीख बघायची होती. मी बागेत होतो. डायरी हातात घेतली आणि मागची पानं उघडली.

संध्याकाळी मी डायरी उघडली तेव्हा माझ्या नोंदींच्या खाली तिच्या अक्षरात बेरीज केलेली होती. मी तोवर जी एकदाही केली नव्हती ती. ट्रॅक्टर ६८,०००. आणण्याचा खर्च ४,५००. लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट १९,५००. लेथचं काम ६,०००. पंप-नोझल १४,०००. क्लच ७,५००. बॅटरी ६,२००. पुढचे दोन टायर ७,८००. लिफ्टचं सामान ५,५००. रेडिएटर ४,०००. मिस्त्री २२,०००. ऑइल आणि डिझेल ८,०००. एकूण १,७३,०००.

त्याखाली तिनं आणखी एक ओळ लिहिली होती : 'मिस्त्री आणि पोऱ्याचं जेवण, चहा, २१ दिवस.' पुढं आकडा टाकला नव्हता. जागा मोकळी सोडली होती.

मी डायरी घेऊन आत गेलो. ती भाकरी करत होती.

"हे बी धरा की," म्हणाली. "लायनर धरलंय, मग हे कामून नाही धरलं?"

मला काही बोलता येईना. मी म्हटलं, पंचावन्न म्हणालो ते चुकलं.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पाकिटात किती नेले अन् किती आणले, मी मोजले नव्हते का?" मग बराच वेळ भाकरी थापायचा आवाज. मग म्हणाली, "पोतीचं मी बोलत नाही. गेली ते गेली. पण मला तेव्हा विचारून नेली होती. टँकरला. म्हणून तिचं कधी काढलं नाही."

मंडळी, इंजिन जाम झालेलं कळतं. फॅन फिरत नाही, संपतो विषय. एवढंच लिहितो.

आता कामाचं सांगतो. मार्चमध्ये पहिल्यांदा बागेत घातला. पहिल्याच ओळीत सायलेंसरनं गोंधळ केला. उभा सायलेंसर फांदीत अडकायचा आणि नाही अडकला तर पानं भाजायचा. गावात वेल्डिंगवाल्याकडून आडवा करून घेतला, एका बाजूनं खाली. त्यानंतर पाच दात्यांचा कल्टिव्हेटर लावून तीन एकर दीड दिवसात झालं. तीन-चार इंचांच्या खाली जाऊ दिला नाही. एक फांदी मोडली नाही. खोटं कशाला बोलू, एक मोडली, ती वळवताना माझ्या चुकीनं. हलक्या कामाला डिझेल तासाला दोन लिटरच्या आसपास लागतं. लिफ्ट अजून नीट नाही, वजन लावून उभा केला की चहा पिऊन येईपर्यंत हातभर खाली बसतो. मागचे टायर जुनेच आहेत, पावसाळ्याआधी काहीतरी करावं लागेल. रंग दिलेला नाही. रंगाचे पंधरा हजार म्हणतात. तो विषय मी काढणार नाही.

शेजारच्या तिघांनी त्यांच्या बागेत घालायला बोलावलं. आठ एकर झालं, एकरी ९०० प्रमाणे ७,२००. डिझेल वजा जाता पाच हजार उरले. ते मी तिच्या हातात दिले आणि म्हटलं, दुसऱ्याच्या बागेत ह्याचं जे येईल ते तुझं, पोतीचं. तिनं मोजले, डब्यात ठेवले, आणि म्हणाली, "बघू." डायरीत तिनं पुढचं पान वेगळं केलंय. वर 'झे.' लिहिलंय, माझ्यासारखंच. खाली पहिली नोंद ५,०००. सोन्याचा भाव बघता ह्या वेगानं किती वर्षं लागतील त्याचा हिशेब मी मनात केला, सांगितला नाही. तिनं पण केला असणार.

जेवणाच्या ओळीपुढं काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. मी एकदा १०० रुपये ताटाप्रमाणे दोघांचे ४,२०० लिहिले. तिनं खोडले. म्हणाली, चहा राहिला, अन् एकवीस दिवसांतले सहा दिवस तुमचे मित्र बी बघायला येऊन जेवून गेलेत.

कागदांचं काम राहिलंय. ज्यांना असा जुना, वारलेल्या मालकाच्या नावावरचा ट्रॅक्टर घ्यायचाय त्यांच्यासाठी : आधी वारसाच्या नावावर होतो, त्याला फॉर्म ३१. मग वारसाकडून आपल्या नावावर, २९ आणि ३०. बोजा उतरवायला ३५. मुदत संपलेली असेल तर रजिस्ट्रेशन नव्यानं वाढवायचं, त्यासाठी गाडी चालू हालतीत दाखवावी लागते. बाकीच्या वारसांची संमती आधीच लिहून घ्या, सौदा होण्याआधी. मी नंतर घेतली आणि पुण्याला दोन चकरा झाल्या.

आजींना फोन केला होता, चालू झाला म्हणून. वाटलं, आनंद होईल. त्या म्हणाल्या, "तेल किती खातंय?" मी सांगितलं. "मग बरंय. आमच्या टायमाला लई खायचं." आणि कोंबड्यांना नवीन खुराडं केलंय ते सांगितलं.

पुढच्या मंगळवारी फॉर्मवर त्यांच्या सह्या घ्यायला जायचंय. काल रात्री जेवताना घरची म्हणाली, "त्या आजीकडं मी बी येते."

कामून, ते मी विचारलं नाही.